रेझ्युमे पाठवूनही फोन येत नाही : दोष शोधण्याचा क्रम

"अर्ज भरपूर केले, पण कुठूनच फोन नाही," ही तक्रार जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर, नंदुरबार या पट्ट्यातल्या पदवीधरांकडून मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. आधी कारखान्याच्या मनुष्यबळ विभागात बसून आलेले अर्ज चाळताना आणि नंतर ओळखीपाळखीच्या मुलामुलींचे रेझ्युमे दुरुस्त करून देताना असे दिसले की तक्रार एकच असली तरी दोष दर वेळी वेगळ्या जागी असतो, आणि बहुतेकदा तो इंग्रजीत किंवा सजावटीत नसतोच. तरीही पहिला खर्च होतो तो सजावटीवर. विहिरीवरचा पंप पाणी ओढत नसेल तर शेतकरी आधी फूटव्हॉल्व्ह पाहतो, मोटर शेवटी उघडतो. इथे मात्र मोटर आधी उघडली जाते. म्हणून खालच्या तपासण्या फुकट आणि पाच मिनिटांत होणाऱ्या आधी, आणि डोके व वेळ खाणाऱ्या शेवटी, अशा लावल्या आहेत. क्रम मोडू नये, कारण पहिल्या पायरीवरचा दोष कायम असेल तर पाचव्या पायरीवर घेतलेली मेहनत कोणापर्यंत पोहोचतच नाही.

लक्षणे

सर्वांत जास्त आढळणारे लक्षण म्हणजे पूर्ण शांतता. अर्ज मिळाल्याची आपोआप आलेली ई-मेल सोडली तर पुढे काहीच घडत नाही. साधा नकारही येत नाही. असे असेल तर पहिल्या तपासणीपासून सुरुवात करावी आणि एकही वगळू नये.

दुसरे लक्षण म्हणजे अर्ज केल्यावर काही मिनिटांत किंवा त्याच रात्री आलेला नकार. इतक्या लवकर तो कोणी वाचलेला असण्याची शक्यता कमी असते. अर्ज भरताना विचारलेल्या एखाद्या प्रश्नाचे उत्तर कंपनीच्या अटीत बसलेले नसते. त्यासाठी चौथी तपासणी पाहावी.

तिसऱ्या प्रकारात फोन येतात, पण भलत्याच कामासाठी: विमा विकणे, टेलिकॉलिंग, नाहीतर "रजिस्ट्रेशन फी भरा, नोकरी पक्की" म्हणणाऱ्या कन्सल्टन्सीचे. रेझ्युमे उघडतो आहे, पण हा माणूस नेमके काय काम करतो हे त्यातून कळत नाही, असा याचा अर्थ. दोष पाचव्या तपासणीत सापडेल.

चौथ्या प्रकारात एचआरचा, म्हणजे कंपनीच्या मनुष्यबळ विभागाचा, फोन येतो, दोन मिनिटे बोलणे होते, "कळवतो" म्हणून फोन ठेवला जातो आणि विषय संपतो. हा दोष बहुधा राहण्याचे ठिकाण, अपेक्षित पगार किंवा नोटीस पिरियड (सध्याची नोकरी सोडण्याआधी द्यावी लागणारी मुदत) यांच्याशी निगडित असतो. ठिकाणासाठी चौथी आणि नोटीस पिरियडसाठी सहावी तपासणी पाहावी.

मुलाखतीपर्यंत दर वेळी पोहोचत असाल आणि तिथे अडकत असाल, तर रेझ्युमेने त्याचे काम चोख बजावले आहे. त्याला हात लावू नये. थेट शेवटच्या भागाकडे जावे.

पहिली तपासणी : तुमच्यापर्यंत पोहोचता येते का?

रेझ्युमेची छापील प्रत मित्राच्या हातात द्यावी आणि त्यावरचा क्रमांक वाचून त्याच्या फोनवरून लावायला सांगावे. स्वतः लावू नये, कारण आपला क्रमांक आपण डोक्यातून लावतो, कागदावरून नाही, आणि मग कागदावर उलटसुलट पडलेले दोन आकडे दिसत नाहीत. ई-मेलचेही तसेच करावे. मित्राने कागदावर दिसतो तोच पत्ता टाइप करून ई-मेल पाठवावी आणि ती इनबॉक्समध्ये येते की स्पॅममध्ये, ते पाहावे. स्पॅम फोल्डर तसेही आठवड्यातून दोनदा उघडावे. मुलाखतीची निमंत्रणे अनेकदा भरतीच्या सॉफ्टवेअरमधून आपोआप सुटतात आणि तिथे जाऊन पडतात.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट हमखास घडते. कॉलेजात असताना केलेल्या रेझ्युमेवर वडिलांचा क्रमांक असतो. वडील केळीच्या बागेत असतात, तिथे रेंज येते-जाते. पुण्याहून कोणी हिंदी-इंग्रजीत बोलू लागले की ते "मुलगा बाहेर गेलाय, नंतर करा" म्हणून ठेवून देतात आणि रात्री सांगायचे विसरतात. भरती करणाऱ्या व्यक्तीपुढे एका जागेसाठी नावांची लांब यादी असते. पहिल्या खेपेला फोन लागला नाही तर ती खालच्या नावाकडे वळते आणि सहसा परत येत नाही. म्हणून रेझ्युमेवर एकच क्रमांक असावा, तो स्वतःचा असावा, रिचार्ज संपून इनकमिंग बंद झालेला नसावा, आणि अर्ज केल्यानंतरचे दोन-तीन आठवडे अनोळखी क्रमांकही उचलावेत. ई-मेल पत्त्यात टोपणनाव, "रॉकस्टार" वा आवडत्या नटाचे नाव नसावे. आपले नाव, आडनाव आणि लागलाच तर एखादा अंक पुरेसा आहे.

दुसरी तपासणी : फाइल वाचता येते का?

पीडीएफ संगणकावर उघडावी, सगळा मजकूर निवडून कॉपी करावा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करावा. एवढ्या एका चाचणीत फाइलचे बहुतेक दोष उघडे पडतात.

नोटपॅडमध्ये काहीच उतरले नाही, तर ती फाइल म्हणजे मजकूर नसून चित्र आहे. तालुक्याच्या गावी डीटीपीच्या दुकानात रेझ्युमे करून घेतला की असे होते. तिथला ऑपरेटर लग्नपत्रिका, फ्लेक्स, व्हिजिटिंग कार्ड यांच्या सवयीने रेझ्युमेही कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्येच लावतो आणि देताना अक्षरे 'कर्व्ह'मध्ये बदलतो, जेणेकरून दुसऱ्या संगणकावर फॉन्ट बदलू नये. छपाईसाठी ती पद्धत योग्यच आहे, पण कर्व्ह झालेले अक्षर हे संगणकाच्या दृष्टीने अक्षर राहत नाही, केवळ आकार राहतो. कागदी प्रत मोबाइलने स्कॅन करून बनवलेल्या पीडीएफचीही तीच गत. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी भरतीच्या सॉफ्टवेअरमध्ये साठतात. ते सॉफ्टवेअर फाइलमधून नाव, शिक्षण, अनुभव, कौशल्ये उपसून रकान्यांत भरते, आणि नंतर एचआर त्या रकान्यांत शब्द टाकून शोध घेते. तुमच्या फाइलमधून काहीच उपसले गेले नसेल, तर "टॅली" किंवा "ऑटोकॅड" असा शोध घेतल्यावर तुमचे नाव वर येत नाही. "सॉफ्टवेअर रेझ्युमे फेकून देते" असे जे बोलले जाते ते बव्हंशी अतिशयोक्त आहे. अर्ज तिथेच असतो, फक्त कोणाच्या शोधात सापडत नाही.

नोटपॅडमध्ये मजकूर आला पण ओळी एकमेकींत मिसळल्या, डावीकडच्या कौशल्यांच्या यादीत उजवीकडचा अनुभव घुसला, तर दोष दोन स्तंभांच्या मांडणीचा आहे. फुकट मिळणाऱ्या देखण्या टेम्प्लेटमध्ये ही मांडणी सर्रास असते. फोन आणि ई-मेल पानाच्या हेडरमध्ये टाकले असतील तर काही सॉफ्टवेअर तो भाग वाचतच नाहीत, म्हणून ते मुख्य मजकुरात, नावाखाली घ्यावेत. देवनागरीत एखादी ओळ असेल, विशेषतः संस्थेचे नाव, आणि ती जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल, तर नोटपॅडमध्ये तिच्या जागी अर्थहीन रोमन अक्षरे दिसतील. ती ओळ इंग्रजीत लिहावी किंवा युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करावी.

उपाय फुकट आहे. वर्ड किंवा गूगल डॉक्समध्ये एकाच स्तंभात, साध्या फॉन्टमध्ये, १० ते १२ आकाराच्या अक्षरांत रेझ्युमे लिहावा आणि तिथूनच पीडीएफ करावी. मूळ फाइल दुकानाच्या संगणकावर न ठेवता आपल्याजवळ ठेवावी, नाहीतर एक ओळ बदलण्यासाठी दर वेळी दुकानात जावे लागते आणि त्या कंटाळ्यापायी रेझ्युमे बदललाच जात नाही. एक्सेलसमोर चार तारे, इंग्रजीसमोर ऐंशी टक्के भरलेली पट्टी, असली चित्रे काढून टाकावीत. ऐंशी टक्के कशाच्या, हे कोणालाच सांगता येत नाही. फाइलला नाव देताना नुसते "रेझ्युमे फायनल" किंवा "पाटील" देऊ नये. खानदेशातून आलेल्या अर्जांत पाटील, चौधरी, महाजन, सोनवणे यांची रांग असते. पूर्ण नाव आणि पदाचे नाव फाइलच्या नावात असावे.

तिसरी तपासणी : नाव आणि तारखा सगळीकडे सारख्या आहेत का?

ही तपासणी फोन येण्यासाठी कमी आणि नंतर निवड अडू नये म्हणून जास्त महत्त्वाची आहे, पण ती आत्ताच करावी. आपल्याकडच्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी छापलेले असते. तोच क्रम अर्जात उतरवला की पहिल्या नावाच्या रकान्यात आडनाव जाते आणि तेच पुढे नियुक्तिपत्रात, भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीत व बँक खात्यात पसरते. चौधरी हे आडनाव इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहिले जाते. पदवी प्रमाणपत्रावर जे स्पेलिंग आहे तेच रेझ्युमेवर, अर्जात आणि ई-मेलच्या सहीत असावे. आधार किंवा पॅनवर वेगळे असेल तर ते दुरुस्त करण्याचे काम नोकरी लागण्याआधी, निवांतपणे उरकावे.

विद्यापीठाच्या नावाचाही असाच घोळ होतो. जळगावचे विद्यापीठ १९९० मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ म्हणून सुरू झाले आणि २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव दिले गेले. त्याआधी पदवी घेतलेल्यांच्या प्रमाणपत्रावर जुने नाव आहे, तर ऑनलाइन अर्जाच्या यादीत अनेकदा नवेच सापडते. रेझ्युमेवर प्रमाणपत्रावरचे नाव लिहून पुढे "आताचे नाव" म्हणून नवे द्यावे, म्हणजे पडताळणी करणाऱ्याला दोन वेगळी विद्यापीठे वाटणार नाहीत.

तारखा महिना आणि वर्ष अशा लिहाव्यात. "२०२१-२०२२" ह्यात दोन महिनेही बसतात आणि दोन वर्षेही, आणि वाचणारा नेहमी कमीच धरतो.

चौथी तपासणी : जाहिरात आणि अर्ज यांचे जुळते का?

इथे पहिल्यांदा पेन्सिल घेऊन बसावे लागते. ज्या पाच जाहिरातींना उत्तर आले नाही त्या छापून किंवा वहीत उतरवून घ्याव्यात आणि प्रत्येकीतल्या अटींखाली रेघ मारावी: शिक्षण, अनुभवाची वर्षे, सॉफ्टवेअर, पाळी, ठिकाण, भाषा. मग आपला रेझ्युमे शेजारी ठेवून त्यातली कोणती अट कुठल्या ओळीत पूर्ण होते ते दाखवावे. अनिवार्य म्हणून लिहिलेली एखादी अट पूर्ण होत नसेल, उदाहरणार्थ दहावी, बारावी आणि पदवी या तिन्हींना किमान साठ टक्के, तर तो अर्ज कितीही सुंदर असला तरी जाणार नाही, आणि त्याचे दुःखही करू नये. ऑनलाइन अर्जातल्या "रात्रपाळी चालेल का", "पंधरा दिवसांत रुजू होता येईल का" अशा होय-नाहीच्या प्रश्नांवर बाद ठरलेल्या अर्जाचा रेझ्युमे कोणी उघडत नाही. श्रेणीगुण (सीजीपीए) टक्केवारीत सांगायचे असतील तर आपल्या विद्यापीठाने गुणपत्रिकेवर दिलेले सूत्रच वापरावे. मनाने दहाने गुणू नये.

खानदेशातल्या उमेदवारांच्या बाबतीत या पायरीवरचा सर्वांत मोठा अडथळा म्हणजे पत्ता. पुण्याच्या जागेसाठी भरती करणारी व्यक्ती नोकरीच्या पोर्टलवर आधी "सध्याचे ठिकाण" या चाळणीतून यादी काढते आणि पारोळा, चोपडा, साक्री ही नावे त्या चाळणीत गळतात. गाव कमीपणाचे आहे म्हणून हे होत नाही. अमळनेरला तर विप्रोची सुरुवात झाली, १९४५ मध्ये, वनस्पती तुपाच्या उद्योगाने. शंका एवढीच असते की हा माणूस खरेच येईल का, आणि आला तर टिकेल का. तिचे उत्तर रेझ्युमेच्या पहिल्या चार ओळींतच द्यावे: "सध्या जळगाव, पुण्यात स्थलांतरास तयार, मुलाखतीसाठी दोन दिवसांच्या सूचनेवर उपलब्ध." घराचा पूर्ण पत्ता, गल्ली, पोस्ट, पिनकोड यांची गरज नाही. पोर्टलवरच्या प्रोफाइलमध्ये "पसंतीचे ठिकाण" हा रकाना वेगळा भरावा लागतो, आणि तो बहुतेकांचा रिकामा किंवा चुकीचा असतो. पुण्यात नातेवाइकांचा पत्ता टाकून तिथेच राहतो असे भासवू नये. "उद्या सकाळी अकराला या" असा फोन आला की रात्रीची गाडी पकडून धावावे लागते, आणि एखाद्या वेळी गाडी चुकली की सगळेच उघडे पडते.

प्रोफाइल महिनोन्‌महिने तसेच पडून असेल तर तेही मागे पडते, कारण अलीकडे सक्रिय असलेले उमेदवार आधी पाहण्याची सोय भरती करणाऱ्यांना पोर्टलवर असते. दर आठवड्याला लॉगिन करून एखादी खरी दुरुस्ती करावी.

पाचवी तपासणी : मजकुरातून काम दिसते का?

ही सर्वांत कष्टाची तपासणी आहे आणि खरी दुरुस्तीही इथेच होते. आधी काय काढायचे ते सांगतो, कारण ते सोपे आहे. वडिलांचे नाव व व्यवसाय, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, उंची, रक्तगट, छंद म्हणून "संगीत ऐकणे", आणि तळाशी "वरील माहिती सत्य असून..." हे प्रतिज्ञापन व सही, या सगळ्या गोष्टी लग्नाच्या बायोडाटातून आणि सरकारी अर्जाच्या नमुन्यातून इकडे आल्या आहेत. कॉर्पोरेट कंपनीला पहिल्या टप्प्यावर त्यांची गरज नसते. जिल्हा परिषद, रेल्वे किंवा आयुध निर्माणी यांच्या भरतीत ठरवून दिलेला नमुना पाळावाच लागतो, तिथे हा सल्ला लागू नाही. सुरुवातीचा "ऑब्जेक्टिव्ह"ही काढावा. "टू वर्क इन अ चॅलेंजिंग एन्व्हायर्नमेंट" हे वाक्य इतक्या रेझ्युमेंवर असते की वाचणाऱ्याची नजर त्यावरून न थांबता खाली उतरते. त्या जागी दोन ओळींत आपण कोण, किती वर्षांचा कोणता अनुभव, आणि कोणत्या पदासाठी अर्ज, एवढे सांगावे.

आता मुख्य दोष. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत पीव्हीसी पाइपच्या कारखान्यात काम करणाऱ्या एखाद्या डिप्लोमाधारकाच्या रेझ्युमेवर असे वाक्य असते: "उत्पादन विभागातील सर्व कामे पाहिली." हे खरे असते आणि तरीही निरुपयोगी असते, कारण पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्यात बसलेल्या माणसाला त्यातून काहीच दिसत नाही. मी अशा वेळी समोर बसवून प्रश्न विचारतो. मशीन कोणते? पाइप किती व्यासाचे? डाय कोण बदलत असे? पाळीत हाताखाली किती माणसे होती? माल तपासताना काय मोजत होता, आणि कशाच्या आधारे पास-नापास ठरवत होता? अर्ध्या तासाने तेच वाक्य असे होते: "पीव्हीसी पाइप एक्स्ट्रूजनच्या दोन लाइन, ६३ ते १६० मिमी व्यास, डाय बदल व तापमान नियंत्रण, आयएस ४९८५ नुसार जाडी, रिव्हर्जन आणि जलदाब चाचण्यांच्या नोंदी, पाळीतील सहा कामगारांचे पर्यवेक्षण." नवीन काहीही जोडलेले नाही. सगळे त्याच्याच डोक्यात होते. रोजचे काम असल्यामुळे ते सांगण्याजोगे आहे असे त्याला वाटत नव्हते.

डाळ मिलमध्ये हिशेब पाहणाऱ्याचेही हेच. "टॅलीचे ज्ञान" असे तो लिहितो; प्रत्यक्षात तो तूर आणि हरभऱ्याच्या खरेदीची बिले नोंदवतो, जीएसटीआर-१ आणि जीएसटीआर-३बी या जीएसटी विवरणपत्रांसाठी महिन्याचे आकडे काढून देतो, गोदामातली पोती आणि पुस्तकातला साठा यांचा मेळ घालतो, बँकेचा ताळमेळ करतो. पुण्याच्या कंपनीची जाहिरात नेमकी हीच कामे इंग्रजीत, जरा भारदस्त नावांनी, मागत असते. म्हणून प्रत्येक कामासाठी जाहिरातीतला शब्द शोधून तोच वापरावा, पण काम खरोखर केलेले असेल तरच. आकडे द्यावेत, पण मुलाखतीत "हा आकडा कसा काढला?" असे विचारल्यावर सांगता येतील तेवढेच.

नव्या पदवीधरांकडे अनुभव नसतो, तेव्हा प्रकल्पाचा भाग वर घ्यावा आणि त्यात चार जणांच्या गटात आपण स्वतः काय केले ते लिहावे. ठिबकच्या ऑटोमेशनचा प्रकल्प अनेक जण करतात. सेन्सर कोणता वापरला, तो का निवडला, कुठे अडले आणि कसे सोडवले, ह्या दोन ओळी प्रकल्पाच्या लांबलचक शीर्षकापेक्षा जास्त सांगतात. विद्यार्थ्याला एक पान आणि अनुभवी व्यक्तीला दोन पाने पुरतात. घरच्या शेतीचा किंवा दुकानाचा अनुभव सरसकट प्रत्येक जागेसाठी टाकू नये, पण खते, बियाणे, ठिबक यांच्या विक्रीच्या पदासाठी तो जरूर टाकावा, कारण व्यापाऱ्याशी भाव ठरवलेला मुलगा तिथे हवाच असतो.

एमपीएससीच्या तयारीत गेलेली दोन-तीन वर्षे लपवण्याचा आटापिटा बरेच जण करतात. मी तो करू देत नाही. "जून २०२१ ते मे २०२३ : स्पर्धा परीक्षांची पूर्णवेळ तयारी" अशी एक सरळ ओळ लिहावी, त्याच काळात केलेला एखादा कोर्स किंवा शिकवणी असेल तर ती जोडावी आणि पुढे जावे. महाराष्ट्रातल्या एचआरला हे कारण नवे नाही. मधली वर्षे मोकळी दिसली की मात्र एचआर काहीही तर्क करते.

चॅटबॉटकडून मजकूर लिहून घेण्यास माझी हरकत नाही, व्याकरण सुधारायला तो चांगलाच आहे. पण त्याने घातलेला जो शब्द तुम्हाला मुलाखतीत उच्चारून समजावता येणार नाही, तो काढून टाकावा.

सहावी तपासणी : कव्हर लेटर

पोर्टलवरून केलेल्या अर्जात कव्हर लेटर, म्हणजे रेझ्युमेसोबतचे पत्र, कित्येकदा उघडलेही जात नाही, तिथे त्यावर रात्र घालवू नये. ते उपयोगी पडते ते थेट ई-मेलने अर्ज करताना, मध्यम आकाराच्या कंपनीत, क्षेत्र बदलताना, किंवा रेझ्युमे पाहून मनात प्रश्न येईल असे काही असताना: मधले रिकामे वर्ष, दूरचे गाव, वाणिज्य शाखेची पदवी आणि अर्ज मात्र पुरवठा विभागासाठी. तो प्रश्न वाचणाऱ्याने विचारण्याआधी उत्तर देणे, एवढेच कव्हर लेटरचे काम.

दोन टोकांचे दोष आढळतात. एक म्हणजे विषय नाही, मजकूर नाही, नुसती फाइल जोडलेली कोरी ई-मेल. दुसरे म्हणजे शाळेतल्या रजेच्या अर्जाच्या वळणावर "सविनय विनंती की..." पासून "आपला आज्ञाधारक" पर्यंत लांबलेली याचना, जिच्यात घरची परिस्थिती आणि नोकरीची गरज असते, पण कंपनीला काय मिळेल ते नसते. गरज सर्वांनाच आहे. निवड त्यावर होत नाही.

विषयाच्या ओळीत पद, जाहिरातीचा क्रमांक, आपले नाव आणि अनुभव असावा. पत्र ई-मेलच्या मजकुरातच लिहावे, तीन परिच्छेदांत, अडीचशे शब्दांच्या आत. पहिल्या परिच्छेदात पद आणि ते कुठे पाहिले हे सांगावे. दुसरा परिच्छेद हे पत्राचे हृदय असते, आणि त्या डाळ मिलमधल्या लेखापालासाठी तो इंग्रजीत साधारण या आशयाचा होईल: "आपल्या जाहिरातीत मासिक जीएसटी विवरणपत्रे आणि साठ्याचा ताळमेळ यांचा उल्लेख आहे. गेली तीन वर्षे मी जळगावातील एका डाळ मिलमध्ये ही दोन्ही कामे करत आहे. आमचा साठा वेगवेगळ्या गोदामांत विभागलेला असल्यामुळे नोंदी आणि प्रत्यक्ष पोती यांत फरक येत असे. तो शोधण्यासाठी मी एक्सेलमध्ये तक्ता तयार केला आणि आता मेळ दर आठवड्याला घातला जातो." तिसऱ्यात स्थलांतर, नोटीस पिरियड आणि फोन क्रमांक. पाठवण्याआधी कंपनीचे नाव मोठ्याने वाचावे. जुन्या पत्रावरून नवे करताना आधीच्या कंपनीचे नाव राहून जाणे ही इतकी नित्याची गोष्ट आहे की तसे पत्र आले की आम्ही पुढे वाचत नसू.

दुरुस्तीनंतर खरोखर जुळणाऱ्या पंधरा-वीस जागांसाठी अर्ज करून दोन-तीन आठवडे थांबावे. कुठे, कधी आणि रेझ्युमेची कोणती आवृत्ती पाठवली याची वहीत नोंद ठेवावी, म्हणजे फोन आल्यावर "कोणती कंपनी म्हणालात?" असे विचारायची वेळ येत नाही. त्याच काळात आपल्या कॉलेजचे जे विद्यार्थी तिथे आधीच काम करतात त्यांना रेझ्युमे पाठवून अंतर्गत शिफारस मिळते का ते पाहावे, आणि नव्या पदवीधरांनी अप्रेंटिसशिपच्या जागाही पाहाव्यात.

कुठे थांबावे आणि कोणाकडे जावे

मुलाखतीत अडत असाल तर रेझ्युमे बदलणे थांबवावे आणि कॉलेजच्या प्लेसमेंट विभागाकडून किंवा त्या क्षेत्रातल्या अनुभवी व्यक्तीकडून सराव मुलाखत घ्यावी. जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या शासनाच्या कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात मार्गदर्शन आणि रोजगार मेळाव्यांची माहिती मिळते.

नाव किंवा जन्मतारीख कागदपत्रांत वेगवेगळी असेल तर रेझ्युमेत खाडाखोड करून ते सुटत नाही. राजपत्रातील नावबदल, शिक्षण मंडळाकडील दुरुस्ती, किंवा भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीतील रुजू व सोडण्याच्या तारखा आधीच्या कंपनीकडून दुरुस्त करून घेणे, ही कामे त्या-त्या कार्यालयातच होतात. प्रक्रिया माहीत असलेल्या माणसाची मदत घ्यावी.

कोणी अनुभवाचे खोटे प्रमाणपत्र देऊ करत असेल तर तिथेच थांबावे. यूएएन, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या, क्रमांकाखाली तुम्ही कोणाकडे कधी काम केले याची नोंद असते आणि पडताळणीत ती पाहिली जाते. निवड झाली आहे, पण लॅपटॉप, गणवेश, प्रशिक्षण किंवा "रिफंडेबल डिपॉझिट" यांचे पैसे आधी भरा, असा फोन आला तर पैसे भरू नयेत. भरले असतील तर वेळ न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी, कारण जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढे सरकण्याआधी अडवली जाण्याची शक्यता जास्त.

पैसे घेऊन रेझ्युमे लिहून देणाऱ्याकडे कधी जावे, हा प्रश्न हमखास येतो. नव्या पदवीधराला आणि चार-पाच वर्षे एकाच प्रकारचे काम केलेल्याला त्याची गरज नसते. त्याच विभागात काम करणारा एखादा वरिष्ठ अर्ध्या तासात चुका जास्त चांगल्या प्रकारे काढून देतो. दहा-पंधरा वर्षांचा अनुभव असेल, क्षेत्र बदलायचे असेल, किंवा वरच्या व्यवस्थापकीय पदासाठी अर्ज करायचा असेल आणि वरच्या सहाही तपासण्या करून झाल्या असतील, तर जावे. अशा माणसाने लिहिण्याआधी तुमच्याशी तासभर बोलून कामाचे प्रश्न विचारले पाहिजेत, दुरुस्त करता येईल अशी वर्डची फाइल दिली पाहिजे, आणि नोकरीची हमी देता कामा नये. जुना रेझ्युमे व्हॉट्सअॅपवर मागवून एकही प्रश्न न विचारता संध्याकाळी नवा पाठवणारा फक्त रंग आणि फॉन्ट बदलतो. त्याला पैसे देण्यापेक्षा दुसऱ्या तपासणीतली नोटपॅडची चाचणी पुन्हा करावी.